बिद्दरु

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या कापडदुकानासमोरच्या पायरीवर विमलाक्कांचे वडील बाबाजी बेचाळीस साली पडले. मोर्चावर लाठ्या पडू लागल्या, गर्दी पळाली, बाबाजींचा पाय पायरीवरून सटकला आणि मोडला. दोन महिने अंथरुणात काढून ते उठले, लंगडत लंगडत पुढं तीस-पस्तीस वर्षं त्याच दुकानात कापड फाडत बसले. मध्यंतरी लग्न केलं, विमला झाली. तिला फ्रॉकचं कापड देतानाही ते वीतभर जास्त फाडायचे.

मग गेल्या वर्षी स्मारक समितीची माणसं दाराशी आली. तेव्हा रस्तारुंदीच्या तांबड्या खुणा दुकानाच्या भिंतीवर उमटल्या होत्या आणि आता दुकान चालवणारा त्यांच्या चुलतभावाचा मुलगा गुरुप्रसाद हवालदिल होऊन फिरत होता. विमलाक्कांनी पाहुण्यांना चहा दिला आणि मोठ्या अभिमानानं कन्नडात सांगितलं, "अप्पा इल्ली बिद्दरु." अप्पा इथं पडले. घरात वर्षानुवर्षं बोललं जाणारं साधं वाक्य.

आता चळवळीतला माणूस पडला म्हटल्यावर समितीनं काय समजायचं? आणि हुबळीत अप्पा नुसत्या वडिलांनाच नाही, कुणालाही म्हणतात. महिन्याभरात पायरीशी काळा दगड उभा राहिला: हुतात्मा बाबाजी अप्पा, वय वीस, येथे देह ठेवला. भिंतीवरच्या खुणा दुसऱ्याच दिवशी पुसल्या गेल्या.

"वीस वर्षांचे असताना गेले, तर मी कुठून आले रे?" विमलाक्कांनी विचारलं होतं.

"आत्या, आता कशाला उकरून काढतीस?" गुरुप्रसाद म्हणाला. "दगड हलला की दुकान हललं बघ. मग वरची तुझी खोली तरी राहणार काय?"

तो वाईट नव्हता, हीच अडचण होती. विमलाक्का शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यानंच त्यांना वरची खोली दिली, औषधं आणली. त्याच्या बायकोचा, श्यामलाचा तर जीवच दुकानात. अशा माणसांशी भांडता येत नाही. विमलाक्कांनी तो विषय सोडला. पण खाली उतरायचं तर दगडाला वळसा घालूनच उतरावं लागे, आणि दर वेळी त्यांना बापानं आपल्याला नाकारल्यासारखं वाटे. राग यायचा, रडू यायचं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

यंदा नऊ ऑगस्टला हाराचा कार्यक्रम झाला. खुर्च्या, झेंडा, माइक. समितीच्या अध्यक्षांना मराठी येत नव्हती. त्यांनी आदरानं कन्नडात विचारलं, हुतात्म्यांचं आणि तुमचं नातं काय? विमलाक्कांनी गुरुप्रसादकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. श्यामला पदराचं टोक चोळत उभी होती.

"दोड्डप्पा," विमलाक्का म्हणाल्या. म्हणजे मोठे काका. टाळ्या झाल्या.

हार घालून वळताना त्यांचा पाय त्याच पायरीवर सटकला. चार हात धावले. "सावकाश आत्या, पडशील," गुरुप्रसाद म्हणाला.

विमलाक्कांना एकदम हसू आलं, आणि हसता हसता तोंडातून मराठीत निघून गेलं, "पडले म्हणून काय झालं? अप्पा उठले होते."

माइक चालू होता. अध्यक्षांनी गुरुप्रसादला विचारलं, "एनंदरु?" काय म्हणाल्या?

गुरुप्रसादनं विमलाक्कांचा दंड घट्ट धरला होता. "काही नाही सर," तो कन्नडात म्हणाला, "म्हणतात, अप्पा इल्ली बिद्दरु."

अध्यक्षांनी डोळे मिटून मान खाली घातली. पस्तीस वर्षं कन्नड शाळेत शिकवलेल्या विमलाक्कांना योग्य शब्द ठाऊक होता. एद्दरु. उठले. एका अक्षराचाच काय तो फरक. तो जिभेवर आला, आणि त्यांनी मान वर करून आपल्या खोलीच्या खिडकीकडं पाहिलं.

"हौदु." होय. त्या म्हणाल्या, "बिद्दरु."