माझ्या पाठीवरची चिठ्ठी

मित्रांनो, कपाटातील ज्या जुन्या कॅमेऱ्याच्या पाठीवर ‘सदोष’ अशी चिठ्ठी डकवलेली आहे, तो दुर्दैवी जीव मीच. माझा जन्म ऑसिलोस्कोप नावाच्या यंत्राच्या तोंडावर बसण्याकरिता झाला. त्याच्या पडद्यावर विजेची हिरवी रेषा क्षणभर उमटून नाहीशी होई. तिला फिल्मवर धरून ठेवणे हे माझे जीवितकार्य होते.

दोघा भावांच्या त्या कार्यशाळेत लिफ्टचे ब्रेक तपासले जात. थोरला माझी काच तान्ह्या बाळाच्या तोंडासारखी अलगद पुसत असे. प्रत्येक फोटोत तो आधी ठराविक वेगाची, ओळखीची लाट घेई आणि मग त्याच फिल्मवर ब्रेकची रेषा घेई. अशा रीतीने फोटोतच वेळेची मोजपट्टी येई. ती प्रत्येक वेळी नवी लागे, कारण यंत्र तापले की रेषेची चाल मंदावते, रेषा आखूड पडते व ब्रेकला लागलेला वेळ कमी भासतो. गिऱ्हाइके त्याचे फोटो डोळे मिटून स्वीकारीत.

धाकट्याला मात्र सदा घाई. एके दिवशी तो म्हणाला, “दादा, लाट तीच, पडदा तोच. किती लाड करशील तिचे? सकाळी एकदा काढ आणि दिवसभर चालव की.”

थोरल्याने कुरकुर केली. परंतु धाकट्याला त्याने कडेवर खेळवलेले होते. तो विरघळला.

त्याच दुपारी, यंत्र हाताला चटका देत असताना, एका गोदामाच्या लिफ्टचा ब्रेक आला. मला दिसले तेच मी टिपले. फोटो सकाळच्या लाटेवर मोजला गेला आणि सुस्त ब्रेक चपळ ठरला. पुढे ती लिफ्ट खाली आदळली व आतील हमालाचा पाय गेला.

चौकशीला निरीक्षक आले. त्यांनी फोटो उजेडात धरून विचारले, “यात ओळखीची लाट कुठंय?”

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. थोरल्याने त्याच्याकडे पाहिले, नंतर माझ्याकडे.

“घेतली होती साहेब,” तो म्हणाला. “कॅमेराच जुना झालाय. शटर अडकतं त्याचं. उमटलीच नाही.”

माझे शटर आयुष्यात कधी अडकले नव्हते. चिठ्ठीही त्यानेच डकवली.

पुढे हमाल कुबड्यांवर आला, तेव्हा धाकटा त्याला म्हणाला, “यंत्राचा काय भरवसा, काका?” काकांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला डोळा असल्याची लाज वाटली.

आता नव्या कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोत लाट घेतली जाते. धाकटा चकार शब्द काढत नाही.

मित्रांनो, यंत्रांना पुसा, जपा; परंतु आपली चूक त्यांच्या गळ्यात बांधू नका. आम्हांस बोलता येत नाही, आणि ज्यांना बोलता येते त्यांनी त्या हमालाला अद्याप खरे सांगितलेले नाही.