अठरावी कथा

अंबलवाणन अण्णांनी स्वतः उठून पंखा बंद केला, दाराला आतून कडी घातली आणि रासवेलुचा फोन उचलून कपाटात ठेवून दिला. कथा सांगायची म्हटली की हे सगळं आलंच. शुक्रवार होता. साडेदहाला राहुकाल लागायच्या आत सुरुवात व्हायला हवी होती.

सव्वीस वर्षांत दोघांनी मिळून सतरा चित्रपट केले होते. अण्णांचं दिग्दर्शन, रासवेलु नायक. प्रत्येक कथा चेन्नईतल्या सालिग्राममच्या, रासवेलुच्या याच घरात, याच खोलीत पहिल्यांदा सांगितली गेली होती. अण्णा हातात कागद धरत नसत. उभं राहून सगळी पात्रं करून दाखवत आणि मागचं संगीतही तोंडानेच वाजवत.

"दाढी कशाला वाढवलीस, वेलू?"

"कथा सांगायला येतो म्हणालात ना फोनवर. वाढवून ठेव, मग बघू काय ठेवायचं ते, असं तुम्हीच सांगता दर वेळी."

"हां," म्हणून अण्णा खिडकीकडे वळले. रासवेलुने हनुवटीवरून हात फिरवला. दाढी निम्मी पांढरी आली होती, पण रंग लावला की झालं. सतरावा चित्रपट दणकून आपटला त्याला तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून नायकाचं काम घेऊन एकही माणूस या घराची पायरी चढला नव्हता. तिलगाने, त्याच्या बायकोने, सकाळी उठून केसरी, म्हणजे तुपातला केशरी शिरा, केला होता. अण्णांनी तो दोनदा मागून घेतला, म्हणजे त्यांची मनःस्थिती चांगली होती.

कथा सुरू झाली. तूतुक्कुडीजवळची मिठागरं. तिथे राबणारा तेवीस वर्षांचा मुलगा. रासवेलु सरसावून बसला. पंचेचाळिशीत त्याने कॉलेजचा विद्यार्थी केला होता आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या होत्या. आता अठ्ठावन्न म्हणजे जरा अतीच झालं. मग बाप असेल. पण बाप दुसऱ्याच प्रसंगात उन्हाने कोसळला आणि गेला.

बरं, मग मिठाचा व्यापारी? तो अण्णांनी गडगडून हसणारा, पोट सुटलेला असा करून दाखवला. तहसीलदार तर बाई निघाली. रासवेलुला काही कळेना. तो मान डोलवत होता, जिथे हसायचं तिथे हसत होता, आणि मनातल्या मनात प्रत्येक पात्राच्या कपड्यांत शिरून बघत होता. एकही अंगाला येत नव्हता.

मध्यंतर झालं. तिलगा दार वाजवून कॉफी देऊन गेली. जाताना तिने भुवई उडवून विचारलं, आणि रासवेलुने कॉफीत फुंकर मारली. मध्यंतरानंतर येणार असू आपण, त्याला वाटलं. अण्णांची ती जुनी खोड होती.

मध्यंतरानंतर आला तो मुलाचा थोरला भाऊ, नऊ वर्षांपूर्वी घरातून पळालेला. वय बत्तीस. मुलाने त्याला कोइंबत्तूरला शोधून काढलं, तर त्याचा वेगळा संसार. तो म्हणाला, आईला सांग, मी मेलो. मुलगा एकटाच घरी परतला. आई त्याला वाढायला बसली, आणि अण्णा थांबले.

"इथपर्यंतच आहे."

"म्हणजे?"

"आईला तो काय सांगतो, ते मला दिसत नाहीये. दोन महिने झाले."

रासवेलुने कप खाली ठेवला. "अण्णा, यात मी कोण?"

"तू? तू नाहीयेस यात." अण्णांनी ते सरळ सांगितलं. "नवा मुलगा घेतलाय. मदुराईचा आहे. नाटकात बघितला त्याला."

"मग मला कशाला सांगितलीत?"

अण्णा गोंधळून त्याच्याकडे बघत राहिले, जणू हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. "मग कुणाला सांगू? तू ऐकल्याशिवाय मला कधी कळलंय का, माझ्याकडे कथा आहे की नाही ते?"

रासवेलुला भयंकर वाईट वाटलं. बरंही वाटलं. यातलं नेमकं काय वाटायला हवं ते ठरवता येईना, तेव्हा त्याला राग आला. उठून दाराची कडी काढावी, असं त्याच्या मनात आलं. तो उठलाही. पण दारापर्यंत न जाता तो खोलीच्या मध्ये उभा राहिला.

"आईने थोरल्याचं ताट काय केलं असेल, एवढ्या वर्षांत?"

"कसलं ताट?"

"त्याचं ताट असणारच ना घरात. ती रोज घासत असणार. पालथं घालून ठेवत असणार."

रासवेलु गुडघ्यावर हात टेकत जमिनीवर बसला. आईने पुढ्यात ठेवलेलं न दिसणारं ताट त्याने बाजूला सारलं, हात लांबवून थोरल्याचं पालथं ताट ओढलं, उलटं केलं, तळहाताने पुसलं. मग तेच पुढ्यात धरून, वर न बघता तो म्हणाला, "भात वाढ, अम्मा." आणि जेवू लागला. घास गिळवत नव्हता, तरी तो गिळत होता. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या तोंडावर तेवीस वर्षांचा मुलगा आईची नजर चुकवत होता.

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला आणि पुन्हा चढवला.

"हेच," ते म्हणाले. "हाच शेवट. मी फोनवर घेऊन ठेवतो, नव्या मुलाला दाखवायला होईल. आणखी एकदा कर." मग स्वतःचा फोन समोर धरल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. "आणि वेलू, जरा सोपं करून कर. त्या पोराला एवढं जमायचं नाही."

रासवेलुने त्यांच्याकडे पाहिलं. ते फोनमधून बघत होते.

त्याने ताट पालथं घालून जागेवर ठेवलं, आणि आपल्याला थोडं कमी येतं असं धरून पहिल्यापासून सुरुवात केली.