कारणांचा मासा

“‘संडासाला कडी न्हाई.’” केंद्रप्रमुख अनिरुद्ध साहेबांनी सहावीच्या मागच्या भिंतीवरचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि ते विश्वंभर गुरुजींकडं वळले. “गुरुजी, ही शाळा आहे का तक्रारपेटी?”

“कारणांचा मासा आहे साहेब,” गुरुजी हौसेनं म्हणाले. “प्रशिक्षणात दाखवला होता तोच. डोक्यात प्रश्न लिहायचा, काट्यांवर कारणं. आमच्या शिवकन्यानं काढलाय. एकटीनं.”

खडूनं काढलेला मासा भिंतभर पसरला होता. डोक्यात लिहिलं होतं, ‘पुजा शाळेत काहून येत न्हाई?’ आणि काट्यांवर तिरप्या अक्षरात कारणं. लहान भाऊ सांभाळाया कोणी न्हाई. माय धरणावर मासळी इकाया जाते. मोठ्या बहिणीचं लगीन झालं. वाचताना अडखळली की पोरं हसतेत. शेपटीजवळच्या काट्यावर कडीचं.

“उद्या जिल्ह्याची टीम येऊन राहिली. पुसा ते. इथं फ्लेक्स लागंल,” साहेबांनी बजावलं.

मुख्याध्यापक रामकिशन सरांनी लगबगीनं गुंडाळी उलगडून धरली. फ्लेक्सवरही मासाच होता, निळा, चकचकीत. डोक्यात ‘पाणीटंचाईची कारणे’, काट्यांवर सगळी उत्तरं आयती छापलेली. वर मोठ्या अक्षरात, ‘आमचे विद्यार्थी विचार करतात!’

“साहेब, लेकरांनी विचार केलाय तो त्या भिंतीवर,” गुरुजी म्हणाले.

“मी कुठं म्हणतो विचार करू नका? करा की. पण ह्यातला करा.”

रामकिशन सर हसले. साहेब हसले की तेही हसत.

विश्वंभर गुरुजींचं आयुष्य दोनच ठिकाणी गेलेलं. दिवसा जिल्हा परिषदेची शाळा आणि संध्याकाळी, औंढ्याच्या आसपास कुठंही कीर्तन असलं की टाळकऱ्यांची रांग. हिंगोलीच्या प्रशिक्षणात मॅडम पडद्यावर असले आराखडे दाखवत होत्या तेव्हा बाकीचे गुरुजन जांभया देत होते. यांना मात्र सगळं ओळखीचं वाटलं. बुवा तरी वेगळं काय करतात? अभंगाचा एक चरण घ्यायचा आणि त्यालाच प्रश्न करायचे. का म्हटलं? कुणाला म्हटलं? मग एकेका प्रश्नाला फांदी फुटत फुटत ती ऐकणाऱ्याच्या काळजाला येऊन लागते. देवासमोरसुद्धा ‘का’ विचारायची मुभा आहे, मग वर्गात का नसावी?

त्यांनी फळ्यावर पहिला मासा काढला तेव्हा पुजाच उठली होती. भोयाची पोर, तोवर वर्गात तोंड न उघडणारी. “गुर्जी, काटे उलटे काढले तुमी. काटे शेपटाकडं कलतेत. असला मासा पोहायचाच न्हाई.” वर्ग खो खो हसला. गुरुजींनीही हसत मासा पुसला आणि तिच्याकडूनच नीट काढून घेतला. त्या दिवसापासून ती बोलायला लागली. दिवाळीनंतर यायचीच थांबली.

शिवकन्या दोन संध्याकाळी तिच्या घरी जाऊन विचारून आली होती. कडीचं कारण पुजानं फक्त तिच्या कानात सांगितलं होतं. गुरुजींनी त्या भिंतीचा फोटो काढून चार गावच्या शिक्षकांना पाठवला, ‘बघा लेकराची बुद्धी’ असं लिहून. मासा महिनाभर भिंतीवर होता.

आणि आता त्यांच्या हातात ओलं फडकं होतं.

एका सप्त्यात बुवांनी देव सोडून पुढाऱ्याचे गोडवे सुरू केले, तेव्हा याच माणसानं टाळ खाली ठेवला होता आणि भर मंडपातून उठून तो घरी आला होता. आज फडकं काही खाली ठेवलं गेलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं. साहेबांच्या मनात आलं तर बदली सेनगावच्या पलीकडं कुठंही. गुरुजींनी शेपटीकडून पुसायला सुरुवात केली.

शिवकन्या दारात उभी होती. “गुर्जी, पुजाचं काय करायचं ते अजून ठरलं न्हाई ना?”

“उद्यापुरतं पुसून राहिलो बाई. परवा पुन्हा काढू.”

पाण्याची बादली तिनं उचलून त्यांच्याजवळ सरकवली. ते त्यांना बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी टीम आली. पोरांनी फ्लेक्सकडं बोट करत एका सुरात कारणं म्हणून दाखवली. टीममधल्या रेवती मॅडम मात्र भिंतीजवळ गेल्या. फ्लेक्सच्या कडेनं खडूचा पुसट पांढरेपणा राहिला होता.

“इथं आधी काही काढलं होतं का?” त्यांनी पुढच्या रांगेतल्या शिवकन्येला विचारलं. “तू स्वतः काढलेलं काही दाखव ना.”

शिवकन्येनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी ‘सांग’ म्हणायला हवं होतं. एवढा एकच शब्द. साहेब घसा खाकरले आणि गुरुजींनी नजर खाली घातली.

“पाणीटंचाईची कारणे,” शिवकन्या म्हणाली. “एक, वृक्षतोड. दोन, पाण्याचा अपव्यय…”

“मॅडम, त्या माशाचे काटे उलटे हायेत,” मागून कोणीतरी बोललं आणि सगळा वर्ग फिसकन हसला. फ्लेक्सवरचे काटे खरंच डोक्याकडं कलले होते.

“गप्प बसा रे!” रामकिशन सर ओरडले. “छापलेलं चूक असतंय व्हय?”

मॅडमना पुढच्या दोन शाळा करायच्या होत्या. शाळेला आणि वर्गशिक्षक म्हणून गुरुजींना प्रशस्तिपत्र जाहीर झालं.

टीमची गाडी फाट्याकडं वळली तशी गुरुजी ऑफिसात शिरले. साहेब चहा बशीत ओतत होते.

“साहेब, ते पत्र माझ्या नावानं काढू नका.”

“काहून? काय तकलीफ आहे?”

“त्या पोरीनं खरं लिहिलं होतं!” गुरुजींचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खिडकीबाहेर गेला. “घरी जाऊन विचारून आली होती. बारा वर्षांचं लेकरू! तुम्ही त्याच्यावर फ्लेक्स ठोकला. फ्लेक्सला विचार येत न्हाई साहेब, फोटो तेवढा चांगला येतो. लाज वाटत न्हाई का आपल्याला?”

“हळू, गुरुजी.” साहेबांनी बशी खाली ठेवली. “अन् पुसलं कोणी? मी? माझा तर हातबी ओला झाला न्हाई. दोन वर्षं राहिली ना तुमची? टाळ वाजवा निवांत.”

रामकिशन सर खाली बघून हसले.

गुरुजींच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता आणि त्यातला निम्मा स्वतःवरचाच होता. ते तडक मोटारसायकल काढून औंढ्याला गेले, कडी आणली, स्क्रू आणले आणि परत येऊन संडासाच्या दारावर स्वतः ठोकली. एक स्क्रू वाकडा गेला. तो त्यांनी तसाच, हातोडीनं, शिव्या घातल्यासारखा आत हाणला. अर्ध्या तासाचं काम.

हात न धुताच ते पुजाच्या घरी गेले. तिची आई दारात जाळं पसरून बसली होती.

“कडी बसवली, माय. मी स्वतः बसवली. उद्यापासून धाडा पुजाला.”

बाईनं वर पाहिलं. “ती हाय कुठं इथं? सोमवारीच बहिणीकडं धाडली कळमनुरीला. तिचं तान्हं सांभाळायला.”

“सोमवारी?”

“व्हय. शाळंत जात न्हाई तर घरी बसून काय करती?” ती जाळ्याची गाठ सोडवत राहिली, मग थांबली. “गुर्जी, शिवकन्या सांगत होती, तुमी भिंतीवर लिहून ठेवलंय म्हून. मोठमोठ्या लोकांला फोटो धाडले म्हणं. मंग आधीच काहून न्हाई बसवली?”

महिनाभर. रोज त्या माशासमोर उभं राहून त्यांनी शिकवलं होतं. अक्षराचं कौतुक केलं होतं, मांडणीचं केलं होतं, पोरीच्या बुद्धीचं केलं होतं. शेपटीजवळचा काटा रोज वाचला होता. साहेबांनी निदान तो वाचून संताप तरी केला. आपण फोटो काढला.

“चुकलं, माय,” ते म्हणाले. बाई पुन्हा जाळ्याच्या गाठीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात शिरताच त्यांनी फ्लेक्सच्या चारही कोपऱ्यांतले खिळे उपटले. फ्लेक्स गुंडाळून रामकिशन सरांच्या टेबलावर नेऊन टाकला. “साहेबांना सांगा, मी काढला. लेखी पाहिजे असेल तर लेखी देतो.” मग येऊन भिंतीवर नवा मासा काढला, काटे शेपटीकडं कललेले. डोकं रिकामं ठेवलं.

“हं,” ते वर्गाकडं वळले. “आज प्रश्न तुमचा. पाहिजे तो. वहीत मासा काढा अन् लिहा. मी कुणाला काही बोलणार न्हाई, अन् जे लिहाल त्याचं काय करायचं ते आपण आजच बघू.”

पोरांनी मासे काढले, पट्टीनं, नीटनेटके. पाच मिनिटं गेली. गुरुजी शिवकन्येजवळ जाऊन वाकले. तिनं काटे अगदी बरोबर कलवले होते. सगळे कोरे.

“लिही की बाई.”

“तुमी सांगा ना गुर्जी,” ती शहाण्या मुलीसारखं म्हणाली. “मी तेच लिहिते.”

गुरुजी सरळ झाले. सगळ्या वर्गानं माना वर केल्या होत्या. बावीस पेन्सिली कागदाच्या बोटभर वर थांबल्या होत्या, ते काय सांगतात याची वाट बघत.