लोरेन्झोच्या ओंजळीतलं अर्पण

या, अशा जवळ सरकून बसा. आमच्या अलाबामातल्या लोरेन्झोची गोष्ट सांगते; सुखाची नाही, पण ऐकून ठेवा.

लोरेन्झो हा अर्लीन बास्कमचा एकुलता एक. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू घेऊन धावायचा. शनिवारी अख्खं स्टेडियम त्याच्या नावानं घुमायचं, दुकानांत त्याच्या नंबरचे सदरे खपायचे. त्याला मात्र शिक्षण, खोली आणि जेवण. विद्यार्थी-खेळाडूंना वर कुणाकडूनही एक डॉलर घ्यायला बंदी. इकडे अर्लीनची मूत्रपिंडं थकलेली. लेकाला खेळताना एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच तिची आस. पण निजून जाता येईल अशी गाडी आणि सोबत नर्स कुठून आणायची?

त्या रविवारी लोरेन्झो घरी आला होता. आमच्या चर्चचे पाळक रेव्हरंड टॉलिव्हर बायबलातल्या विधवेच्या न संपणाऱ्या तेलावर बोलता बोलता गायला लागले. ते गायला लागले की ऑर्गन त्यांच्यामागे लेकरासारखा धावतो. मी कधी उभी राहून टाळ्या पिटायला लागले, मलाच कळलं नाही. त्याच भरात त्यांनी लोरेन्झोला पुढे बोलावलं.

"अर्लीनच्या गाडीसाठी प्रेमार्पण! या, लेकराच्या हातात द्या!"

हे अर्पण आमच्यात थाळीत टाकत नाहीत. गात गात रांगेनं जायचं आणि पैसे हातात द्यायचे.

"रेव्हरंड, मला चालत नाही हो," लोरेन्झो कुजबुजला. "नियम आहे."

"देवाच्या घरात कसला रे नियम? हात पुढे कर!"

त्यानं आईकडे बघितलं. ती रडत होती, हसतही होती. त्यानं ओंजळ पुढे केली.

आमची उपासना नेटवर सगळ्या जगाला दिसते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आठवडा संपायच्या आत विद्यापीठानं त्याला चौकशी होईपर्यंत संघाबाहेर बसवलं.

चर्चच्या जेवणघरात वाद पेटला.

"फुकट शिकवतात, खायला घालतात. आणखी काय पाहिजे?" चर्चचा कारभार बघणारे डीकन थ्रेडगिल म्हणाले.

"चारा खेचरालाही मिळतो, डीकन," आमच्या मंडळीतल्या सिस्टर लव्हीनं वाढायचा डाव आपटला. "पण खेचराच्या नावाचे सदरे विकून कुणी बंगले बांधत नाही!"

"पगार मिळाला की पोरं शिकतील होय?"

"प्रशिक्षकाला कोट्यवधी मिळतात. तो शिकवायचा थांबला का?"

रेव्हरंडांच्या ताटातली कोंबडी तशीच गार झाली.

गाडी ठरली होती, म्हणून अर्लीन सामन्याला गेली. "मैदान तरी बघते," म्हणाली. लोरेन्झो तिच्याशेजारी बसला, तिच्या पायांवरची गोधडी सावरत. संघ हरायला लागला तसा मागून कुणीतरी ओरडला, "तो बास्कम पैशाला हपापला, म्हणून ही वेळ!"

अर्लीन हळूच वळली. "तो इथंच बसलाय, बाबा. जरा हळू बोल."

मग तिनं लेकाला विचारलं, "तू कुठून धावतोस रे?" त्यानं बोट दाखवलं. सामना दुसऱ्याच टोकाला रंगला होता. ती मात्र त्या रिकाम्या गवताकडे बघत राहिली.

नाताळाआधी ती गेली. लोरेन्झो कॉलेजात परतला नाही. आता कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात खोकी उचलतो. पुढे नियम बदलला, पोरं उघडपणे पैसे घेतात. घेऊ देत, त्यांच्याच घामाचे आहेत.

तुमच्याकडे गाणं रंगलं, हात वर गेले, की प्रार्थनेत लोरेन्झोचं नाव तेवढं घ्या. तो आता उपासनेला येत नाही.