सुनिवाच्या शेळीची घंटा

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी घंटा. हार्डांगरच्या खाडीकाठी ओताऱ्याने मला ओतले, तेव्हा माझी कड जरा लांब राहिली आणि आवाज किंचित उतरलेला निघाला. शेळीला त्याचे काय! तिने मला आनंदाने गळ्यात मिरवले.

शेळी लहानग्या सुनिवाची होती. सुनिवाचे वडील आस्लाक संगीतकार, आई राग्निल्ड कविता करायची. संध्याकाळी सुनिवा शेळी घेऊन परतू लागली आणि डोंगरउतारावर माझा आवाज आला की राग्निल्ड खिडकीतून म्हणायची, "आल्या बाईसाहेब, वरातीसकट!"

एका हिवाळ्यात घटसर्पाने सुनिवाला नेले. शेळी विकली गेली. मला राग्निल्डने फळीवर ठेवले आणि पुन्हा हात लावला नाही. नवरा-बायको मुलीचे नावही काढेनासे झाले. तिने कविता लिहिल्या, त्याने त्यांना चाली लावल्या. त्यातून वाद्यवृंदासाठी एक गीतमाला तयार झाली. शेवटच्या गाण्याला फक्त तंतुवाद्यांची साथ होती, आणि शब्द संपले की मी एकदाच वाजायचे होते.

मला फळीवरून काढून आस्लाकने बर्गन शहरात तालमीला नेले. मी वाजले मात्र, वादकांची तोंडे वाकडी झाली. वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले, "आस्लाक, हिला शेळीच्या गळ्यातच राहू द्या. नाहीतर कड घासा, आवाज चढेल."

आस्लाकने कानस मागवली. तेवढ्यात रिकाम्या खुर्च्यांमधून राग्निल्ड उठून पुढे आली.

"हात लावू नकोस तिला."

"अगं, केसभरच घासायचीय. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल. सुनिवा याच आवाजाने घरी यायची, आस्लाक. तू घासलीस, तर कोण येतंय ते मला ओळखू येणार नाही."

इतक्या दिवसांनी ते नाव घरात नव्हे, परक्या लोकांसमोर निघाले. आस्लाकने कानस खाली ठेवली. तो रडला, आणि डोळे न पुसताच वादकांकडे वळला.

"शेवटच्या गाण्याआधी सगळ्यांनी तारा उतरवा. घंटेशी जुळवून घ्या."

"म्हणजे आता शेळी आम्हाला सूर देणार!" एक म्हातारे व्हायोलिनवादक कुरकुरले. पण सर्वांत आधी खुंटी त्यांनीच पिळली.

कार्यक्रमाच्या दिवशी गाणारीचा आवाज थांबला आणि मी वाजले. राग्निल्डने मान वळवून दाराकडे पाहिले. मग तिने आस्लाकचा हात धरला.

पुढे मी गावोगाव वाजले. माझे फार कौतुक झाले. ती दोघे गेली आणि मी ढोलांच्या कपाटात मागे ढकलली गेले. आता माझ्या जागी नवी घंटा वाजते. ती बिनचूक सुरात आहे. तारा उतरवायचा वेळही वाचतो.

मित्रांनो, त्या नवीवर माझा राग नाही. पण कधी ते गाणे वाजवाल, तर मला बाहेर काढा. मला घासू नका, चकचकीत करू नका. तारा मात्र तेवढ्या उतरवा. सुनिवा घरी यायची तो आवाज आता जगात फक्त माझ्याजवळ उरला आहे.