जाळीतल्या अक्षता

मी एक जुना फाईल सर्व्हर आहे. वरठीजवळच्या एका कारखान्याच्या स्टोअरमागे, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली पडलो आहे. मित्रांनो, नाव भारी असले तरी माझे काम साधे होते. ऑफिसातल्या चार संगणकांच्या फायली माझ्या पोटात असत. कोणता नट, कोणता पट्टा कोणत्या कप्प्यात आहे हे त्यांनी विचारायचे आणि मी सांगायचे.

१९८८ च्या दसऱ्याला मी आलो. स्टोअरचे साहेब आनंदराव यांनी नारळ फोडला, मला हळदकुंकू लावले आणि कुंकवाने माखलेले तांदूळ माझ्या माथ्यावर वाहिले. तेव्हा मी चांगलाच फुगलो होतो, खोटे कशाला बोलू? मला चालवायला चंद्रकला होती. ती साकोलीहून एसटीने यायची. नोकरी तात्पुरती होती. साहेबांचे पाहून तीही रोज सकाळी चिमूटभर अक्षता वाहू लागली. माझ्या माथ्यावर हवेसाठी जाळी होती. दाणे त्या जाळीतून थेट मला गार ठेवणाऱ्या आतल्या पंख्यात पडत.

महिन्याभरात पंखा अडू लागला. तो थांबला की माझे अंग तापे आणि मी जागच्या जागी थिजून जाई. दिवा चालू, पण काम ठप्प. चारही संगणकांवर आरडाओरडा सुरू होई. मला सगळे कळे, उत्तर मात्र बाहेर निघत नसे. कोंडलेला माणूस निदान दार तरी बडवतो. मला तेही जमत नव्हते. गार झालो की पुन्हा सुरू, तापलो की पुन्हा बंद.

"काहून रुसून राहिला बाबा? माही नोकरी जाईन नं," असे म्हणून चंद्रकला चिमटीऐवजी मूठभर तांदूळ वाही. अगं बाई, पुरे कर, असे मला ओरडावेसे वाटे!

नागपूरहून मेकॅनिक आला. त्याने तारा हलवून पाहिल्या, प्लग बदलला. रात्रभर गार झालेला मी नेमका तेव्हाच सुरळीत चाललो. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"मशीन ठीक है, चलानेवाले को देखो," तो म्हणाला. मशीन सुरळीत चालले नाही तर नोकरी गेली, असे बजावून आनंदरावांनी चंद्रकलेला शनिवारपर्यंतची मुदत दिली.

शनिवारी मी पुन्हा अडकलो. तेवढ्यात कारखान्याचे म्हातारे फिटर पुंडलिकराव पट्टा न्यायला आले. त्यांनी माझ्या पाठीला कान लावला.

"पोरी, याचा पंखा फिरून नाही राहिला."

त्यांनी झाकण उघडले. आत लाल तांदळाचा थर! तो काढताच मी मोकळा झालो.

"हे कोणाचं काम?" आनंदरावांनी विचारले.

"माह्यं, साहेब. मीच वाहत होती," चंद्रकला म्हणाली.

"जाऊ द्या साहेब, पोरीले काय मालूम?" पुंडलिकराव म्हणाले. पहिले तांदूळ आपण वाहिले होते, हे साहेबांना आठवले नाही. सोमवारी तिच्या खुर्चीवर दुसरेच कोणी बसले.

त्यानंतर मी एकदाही अडकलो नाही. सगळे माझी वाखाणणी करत, पण मला त्यात काडीची गोडी वाटली नाही.

मित्रांनो, यंत्राची निगा जरूर राखा. पण ज्याच्या हाती यंत्र द्याल, त्याला आधी ते समजावून सांगा. ही जाळी हवेसाठी आहे, एवढे एक वाक्य चंद्रकलेला कोणीच सांगितले नव्हते. आणि मला ते सांगता आले नाही.