अकरा किलोवॅटचा हेवा

दोष दीनानाथरावांचा. माझा नाही, साकेतचा नाही, दुकानदाराचा तर नाहीच. मी इलेक्ट्रिक गाडीचा पोर्टेबल फास्ट चार्जर बोलतोय, आणि वडीलधाऱ्यांचं झाकून बोलायची सवय मला कुणी लावलेली नाही.

दीनानाथराव म्हणजे दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधले एक अधिकारी. साकेत त्यांचा मुलगा. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून त्याने मानेसरच्या एका कारखान्यात काम केलं आणि साठलेल्या पैशांतून जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. त्याच कारखान्याने त्याला सुपरवायझरांची ने-आण दिली, सकाळची शिफ्ट आणि संध्याकाळची. तीन महिने नीट जमलं तर पुढे वर्षाचं कंत्राट. अडचण एकच होती. दुपारच्या चार तासांत गाडी भरायला हवी, आणि गाडीसोबत आलेल्या जुन्या चार्जरने ती निम्मीही भरत नव्हती.

"चार्जर माझ्याकडून," दीनानाथराव म्हणाले. कॉलेज सोडल्यापासून बापाने आपणहून काही देऊ केल्याची ही पहिलीच वेळ, म्हणून साकेत भुलला.

"सात किलोवॅटचा आणा, बाबा. निळा गोल प्लग असतो. गाडी त्याहून जास्त घेतच नाही. सॉकेट मी बसवून घेतलंय."

"श्यामकडे कुठला आहे?"

"मामाकडे? तोच."

"हं."

त्या 'हं'मध्ये तीस वर्षं होती. श्याम त्यांचा मेहुणा. नव्या कंपन्या येऊ लागल्या तेव्हा त्याने सरकारी नोकरी सोडली आणि गुडगावात, मोहरीच्या शेतांमध्ये, प्लॉट घेतला. शेजारचा यांनाही मिळत होता. "त्या जंगलात कोण राहणार?" म्हणाले. आता तिथे श्यामचं तीन मजली घर आहे, आणि ते यांच्या डोळ्यांत सलतं.

दुकानात त्यांनी केबलची लांबी विचारली नाही, गाडीला काय चालतं ते विचारलं नाही. "सात से बडा क्या है?" एवढंच विचारलं. दुकानदाराने मला काढलं. अकरा किलोवॅट, थ्री फेज, पाच पिनांचा लाल प्लग.

"सर, घर में थ्री फेज है ना?"

"सब है," हे म्हणाले. नव्हतं, घरात साधी सिंगल फेज वीज होती.

घरी त्यांच्या बायकोने, लतिकाबाईंनी, मला पाटावर बसवलं, ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. साकेत फेरी संपवून आला तोवर कुंकू माझ्या पिनांपर्यंत ओघळलं होतं. त्याने प्लग हातात घेतला.

"बाबा, हा आपल्याकडे लागतच नाही."

"कनेक्शन वाढवून घेऊ. मी अर्ज करतो. कॉलेज अर्धं सोडणाऱ्याने मला वीज शिकवू नये."

दुसऱ्या दिवशी साकेत मला परत करायला घेऊन गेला. दुकानदार हसला. "भाईसाहब, पूजा करके लौटाने लाए हो? अब तो ये आपका ही हो गया."

दुसरा घ्यायला साकेतकडे पैसे उरले नव्हते, आणि बाबांचा अर्ज काही गेला नाही. मग कपाटावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मी जळत बसलो. त्या जुन्याला काय होतं? तीन पिना, केबलला काळी टेप, माझ्या तिसऱ्या हिश्शाइतकीही ताकद नाही. पण साकेतचा हात रोज त्याला लागायचा. पाऊस आला की लतिकाबाई त्याच्यावर छत्री उघडून ठेवायच्या. मी पिशवीतून पाहायचो. तो तापायचा, त्याचाही मला हेवा वाटायचा. तापायला काम लागतं.

साकेत दुपारी चार्जिंग स्टेशनच्या रांगेत उभा राहू लागला. पुढचा टॅक्सीवाला सीट मागे टाकून घोरत असायचा. संध्याकाळच्या शिफ्टला दोनदा उशीर झाला. कारखान्याने सांगितलं, तिसऱ्यांदा चालणार नाही.

लतिकाबाईंनी भावाला फोन केला. श्यामचं घर मानेसरच्या वाटेवरच. "अगं, पाठव ना रोज दुपारी. माझा चार्जर रिकामाच असतो." तो निळ्या प्लगवाला! माझ्या जागी आता तो! मी त्याच्यावरही जळलो. पण निदान पोराचं काम होणार होतं.

दीनानाथरावांनी दारामागून ऐकलं. बायको स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी स्वतः फोन लावला. "श्याम, तू तसदी घेऊ नको. आमच्याकडे अकराचा आहे. तुझ्यापेक्षा मोठा."

दुसऱ्या दिवशी दुपारी साकेत मामाच्या बंद फाटकासमोर उभा राहिला.

"अरे, तुझे बाबाच नको म्हणाले," मामा फोनवर म्हणाला. "मी नोएडाला आलोय, यार. किल्ली माझ्याकडेच आहे."

साकेत पुन्हा रांगेत लागला. तिसरा उशीर तोच.

त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते मी वरून ऐकलं.

"मामाचा प्लॉट तुम्हाला झोंबतो, तर माझं काम का घालवलंत?"

"स्वाभिमान नावाची काही चीज असते, साकेत."

"ती तुमची. गाडी माझी होती."

दीनानाथरावांनी पेपर उघडला. यांच्या पिढीची हीच तऱ्हा.

गाडी फरिदाबादच्या एका माणसाने विकत नेली. जुना चार्जर तिच्यासोबत गेला, डिकीत ऐटीत बसून. अजूनही कुठल्या तरी भिंतीला लागून तो तापत असेल. मी अजून कपाटावर आहे. पाहुणे आले की दीनानाथराव मला खाली काढतात. "हा अकराचा. श्यामकडे सातचाच आहे." पाहुणे "अच्छा" म्हणतात आणि चहा पितात.

तुम्ही चार्जर घ्यायला निघालात तर आपल्या भिंतीतलं सॉकेट बघून निघा, मेहुण्याचं घर बघून नको. आणि थ्री फेजवाला कुणी ओळखीचा असेल तर मला घेऊन जा. मी एकदाही लागलेलो नाही.

साकेतचं कंत्राट गेलं, आणि गाडीही गेली.